आक्कांच्या नदीसाठी रुंद टायर

आक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. पाथर्डीच्या पुढं, एका कोरड्या नदीपलीकडच्या वस्तीवर राहतात. मुलगा-सून ऊसतोडीला गेले की सहा महिने त्या, चार शेळ्या आणि शेजारचं एक घर, एवढीच वस्ती. ह्यांची आई लवकर गेली. आक्कांनी ह्यांना पाठीशी बांधून ऊस तोडला आणि पुढं त्याच कोयत्याच्या कमाईवर आयटीआयला घातलं. हे टर्नर झाले, कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात लेथवर उभे राहिले ते निवृत्त होईपर्यंत. मी तिथल्याच प्राथमिक शाळेत शिकवत होते.

निवृत्तीच्या सुमारास काचबिंदूनं ह्यांची नजर नेली. कडेचं सगळं गेलं, मधोमध एक धुरकट वाटोळं उरलं. आमची जुनी पांढरी गाडी अंगणात उभी होती, वीस-बावीस वर्षांची. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी ती चालवायला शिकले. हे शेजारी बसायचे आणि कानानं गाडी चालवायचे. "आता तिसरा टाक," म्हणायचे. बरोबर तेव्हाच तिसरा टाकायची वेळ आलेली असायची.

एका दिवाळीनंतर आक्कांचा ह्यांना फोन आला. "तुझी गोदावरी एकदा बघू दे मला. गुडघे हायेत तवर."

गुडघे तसे उरलेच नव्हते. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत मध्ये नदीची रुंद वाळू होती. ती चालून येणं आता त्यांना जमत नव्हतं. जीपची पायरी उंच, तिच्यावर पाय चढत नव्हता. मोटरसायकलवरून त्या एकदा पडल्या होत्या. शेजाऱ्यानं ट्रॅक्टर देऊ केला तर म्हणाल्या, "मला काय उसाच्या मोळीवानी ट्रॉलीत टाकता व्हय?"

आमच्या गाडीची बैठक मात्र खाली होती, नुसतं टेकायचं. म्हणून आम्ही गाडी घेऊन गेलो आणि नदीच्या मधोमध रुतलो. मागची चाकं जागेवर फिरून वाळूत उतरत गेली. मी इंजिन बंद केलं. इतकं ऊन, इतकी पांढरी वाळू, आणि कुठं काही आवाज नाही. पलीकडच्या काठावर उंबराखाली आक्का काठी टेकून उभ्या होत्या. हिरवं लुगडं. मला स्पष्ट दिसत होत्या.

"कुठं हाय गं ती?" ह्यांनी विचारलं.

"समोर. उंबराखाली."

हे त्या दिशेला तोंड करून हात हलवत राहिले. आक्काही हात हलवत राहिल्या. शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं आम्हाला मागं ओढून काढलं आणि आम्ही तसेच परतलो.

परतताना राहुरी आली तेव्हा हे म्हणाले, "वाळूवर रुंद पाऊल पाहिजे. उंट बघ."

गावातल्या टायरवाल्यानं रुंद टायर आणि ते ज्यांवर चढतात त्या रुंद लोखंडी डिस्क मिळवून दिल्या. पण पहिलं चाक चढवलं आणि फिरवलं तर आतली कड शॉकअपला घासली. टायरवाला म्हणाला, "काका, चाक बाहेर सरकवायला लागेल. चाक ज्यावर बसतं तो हब आणि डिस्क, ह्यांच्या मध्ये चकती घाला. पण नट ज्यांवर आवळतात ते स्टड लांब बसवा, नटाला पुरते आटे मिळाले पाहिजेत. आणि जुन्या बेअरिंगवर जोर येतो, ते मी आधीच सांगून ठेवतो."

त्याच्याकडं तयार चकत्या होत्या. हे म्हणाले, "मी करतो."

कारखान्यातल्या ह्यांच्या जुन्या सोबत्यानं बसस्टँडच्या मागं छोटं लेथचं दुकान टाकलं आहे. त्यानं मशीन चालवायचं आणि मापं ह्यांनी घ्यायची, असं ठरलं. मी दारातल्या स्टुलावर बसून बघत होते. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण ह्यांना कामावर उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी येत होती. तिच्यात अॅल्युमिनियमचे लांब कुरळे कीस उलगडत खाली पडत होते. तेलपाण्याचा पांढरा ओघळ, त्याचा गोडसर वास, आणि एकाच सुरात चाललेला मशीनचा आवाज. माझे डोळे मिटायला लागले. ह्यांनी व्हर्नियरवर नख ठेवून माप घेतलं, नंतर बोट चकतीच्या मधल्या भोकातून फिरवलं. "झालं," म्हणाले. सोबत्याला पुन्हा मोजायचं होतं. ह्यांनी मोजू दिलं नाही.

चारही चकत्या बसल्या, लांब स्टड ठोकून बसवले, चाकं चढली. गाडी एकदम ऐटीत दिसायला लागली, पाय फाकवून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी. मी येवल्याच्या रस्त्याला गाडी काढली. चाळीसपर्यंत छान. पन्नासला स्टिअरिंग माझ्या हातात थरथरायला लागलं. साठला मनगटं दुखायला लागली.

"थांबव," हे म्हणाले.

खाली उतरून ह्यांनी एकेका चाकावर हात ठेवला. चकतीचं मधलं भोक हबवर घट्ट बसलं पाहिजे, तरच चाक मध्यावर राहतं. ते केसभर मोठं झालं होतं. चाक नुसत्या नटांवर लटकत होतं आणि फिरताना डगमगत होतं.

"माझं बोट चुकलं," हे म्हणाले.

ह्यांच्या तोंडून असं मी आजवर ऐकलं नव्हतं. दोन्ही बाजूंना तुरा आलेला ऊस होता. वारा नव्हता. हे बराच वेळ बॉनेटला टेकून उभे राहिले. मला वाटलं, आक्कांना फोन करून नाही म्हणून सांगतील आणि पुन्हा त्या दुकानाकडं फिरकणार नाहीत. वीस-पंचवीसच्या वेगानं मी गाडी घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाशेजारी ह्यांनी व्हर्नियर ठेवलं. "तू वाच," म्हणाले.

"मला कुठं येतंय?"

"आयुष्यभर पोरांना पट्टी वाचायला शिकवलीस की. त्याच पट्टीवर एक सरकती पट्टी आहे, बाकी काही नाही. ज्या रेघा समोरासमोर येतात, तेवढंच बघायचं."

दोन दिवस मी घरातलं सगळं मोजत बसले. वाट्या, बांगडी, पेन, लिंबू. रेघा आधी एकमेकींत मिसळून जायच्या. मग एका क्षणी एकच रेघ पुढच्या रेघेशी सरळ जुळायची आणि बाकीच्या सगळ्या मागं सरायच्या. मला त्याची गोडीच लागली.

लेथवर आम्ही परत गेलो. हबचं माप मी घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, "चौपन्न आणि एक दशांश." नवी चकती चढली. सोबती थोडं कापायचा, मशीन थांबवायचा, मी आकडा म्हणायची, हे "अजून" म्हणायचे. पुन्हा कीस, पुन्हा आकडा, पुन्हा "अजून". दुपार कशी गेली कळलं नाही. शेवटची चकती हबवर ठेवली तेव्हा ती ढकलावी लागली, आणि बसताना तिनं हवेचा बारीक सुस्कारा सोडला. हे हसले. "बसली."

या वेळी सत्तरला सुद्धा स्टिअरिंग शांत होतं.

आम्ही पहाटे निघालो. नगरच्या अलीकडं थांबून ह्यांनी चारही चाकांचे नट पुन्हा आवळले. नव्या चकत्या थोड्या दबतात, म्हणाले. पान्हा मी लावून द्यायची आणि जोर हे लावायचे. करंजीचा घाट उतरायला लागलो तेव्हा धुकं खाली राहिलं होतं आणि गाडी त्यात हळूहळू शिरत गेली. रुंद चाकांचा आवाज वेगळा होता. गुणगुणल्यासारखा, खालच्या पट्टीतला. हे डोळे मिटून तो ऐकत होते.

नदीकाठी ह्यांनी प्रत्येक टायरची थोडी थोडी हवा काढली, कान जवळ नेऊन. "आता दुसऱ्यात टाक. थांबायचं नाही, स्टिअरिंग झटकायचं नाही, घाबरायचं नाही."

मी गाडी वाळूत घातली. क्षणभर ती खचल्यासारखी झाली आणि मग वर आली. तिला रस्ता नव्हता, तरी ती जात होती. डावी-उजवीकडं हलकेच डुलत, नावेत बसल्यासारखी. नदीत पाणी असतं तर ते माझ्या कमरेच्या वर आलं असतं, असं काहीतरी मनात आलं. उंबर मोठा होत गेला. हिरवं लुगडं मोठं होत गेलं.

"आली का?" हे विचारत होते. "आली का जवळ?"

आक्कांनी आधी गाडीला हात लावला, मग ह्यांना. ह्यांच्या गालांवरून दोन्ही हात फिरवत म्हणाल्या, "किती वाळलास रे लेकरा." मग टायरकडं बघून, "ह्ये पाय तू क्येलेस?"

"आमी दोघांनी," हे म्हणाले.

शेळ्या शेजारणीकडं सोपवल्या. आक्का मागच्या बैठकीवर टेकल्या, त्यांचं बोचकं, बाजरीची गोणी, एक भोपळा, सगळं मागं. निघालो तर पहिल्याच खळग्यात मागून खर्र असा आवाज आला. मागच्या वजनानं टायर मडगार्डला घासत होतं. आक्का घाबरून म्हणाल्या, "माझ्यापायी मोडती का काय?" आम्ही गोणी पुढं घेतली, आक्का माझ्या शेजारी आल्या आणि हे भोपळा मांडीवर घेऊन मागं बसले. आवाज बंद झाला. नदी ओलांडेपर्यंत आक्कांनी माझ्या कोपराला धरून ठेवलं होतं. पलीकडं आल्यावर म्हणाल्या, "बाई, तू लई धीराची हायेस." आजवर त्यांनी माझं कौतुक केलं नव्हतं, ही मास्तरीण भावाला नीट जेवू घालते का, अशीच शंका असायची.

आठ दिवस राहिल्या. रोज संध्याकाळी मी त्यांना गोदावरीच्या काठावर न्यायची. गाडीचं दार उघडं ठेवून त्या बसल्या जागेवरून पाणी बघायच्या. हे शेजारच्या दगडावर. एकदा म्हणाल्या, "पानी असं गप ऱ्हातंय व्हय? मला वाटलं लई आवाज करत आसंल."

"रोज बघितलं की आवाज येत न्हाई," हे म्हणाले. भावाबहिणीचं त्या दिवशी तेवढंच बोलणं झालं.

त्या वर्षभरात आम्ही चार वेळा वाळू ओलांडली. मग पुढच्या उजव्या चाकातून घूं असा आवाज यायला लागला. तो मला ऐकू येण्याच्या महिनाभर आधी ह्यांना ऐकू आला. बेअरिंग गेलं होतं. टायरवाल्यानं सांगितलेलं खरं झालं. तोवर नदीवर सिमेंटचे नळे टाकून कच्चा पूल झाला होता, आक्कांच्या दारापर्यंत साधी गाडी जात होती. चकत्या काढून टाकायचं ह्यांनीच ठरवलं.

जुनी चाकं चढली तेव्हा मलाच वाईट वाटलं. गाडी अंग चोरून उभी राहिल्यासारखी दिसत होती. स्टिअरिंग मात्र इतकं हलकं झालं की बोटानं फिरावं.

"हलकी झाली," हे म्हणाले, मान मागं टेकवली आणि पाच मिनिटांत झोपले. गाडी चालू असताना हे याआधी कधी झोपल्याचं मला आठवत नाही. आमच्या घराचं वळण आलं. मी वळले नाही. कालव्याच्या कडेनं तशीच पुढं जात राहिले, पाणी डावीकडं, ऊस उजवीकडं, आणि गिअर बदलायची वेळ आली तेव्हा आवाज होऊ नये म्हणून क्लच अगदी हळू सोडला.