साखरपुड्याआधी न विचारलेलं

न्यायाधीश झाल्यापासून कुठल्याही कार्याला जाण्याआधी मी विचारून घेतो, तिथे कोण कोण येणार आहे? उच्च न्यायालयात आल्यावर ही सवय आणखी घट्ट झाली. ज्याचं प्रकरण आपल्यासमोर आहे, त्याच्या पंगतीला बसायचं नसतं. त्यापायी जामखेडच्या थोरल्या बहिणीकडची बारशी, लग्नं, सगळी हुकली.

गेल्या महिन्यात धाकट्या भाचीच्या साखरपुड्याचं सांगायला बहिणीचा फोन आला.

"येतोस, का परत चौकशी लावतोस?" ती म्हणाली. "आमच्या घरचा चहा प्यायला बी तुला कायदा आडवा येतो व्हय?"

मला लाज वाटली. काही न विचारता गेलो.

मांडवात चहा घेत होतो. मुलाकडच्यांबरोबर त्यांच्या गावचा एक माणूस आला होता. तो खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला.

"वळखलं न्हाई का साहेब? बांधावरच्या मारामारीतला फिर्यादी मीच. केस तुमच्याकडंच हाय की!"

"साहेब आता आपल्या गावचे पावने झाले," मागून कोणी तरी म्हणालं. "तुला कशाचं भ्याव?"

सगळे हसले. बहीणही हसली. मी कप खाली ठेवला.

त्या मारामारीतला आरोपी शिक्षा भोगत होता. त्याचं अपील मी पूर्ण ऐकलं होतं, निकाल तेवढा द्यायचा राहिला होता. पुरावा टिकत नव्हता. तो सुटणार, हे माझ्या मनाशी ठरलं होतं. पण ज्या फिर्यादीबरोबर चारचौघांत चहा घेतला, त्याच्या प्रकरणात आता मला निकाल देता येणार नव्हता, कोणाच्याही बाजूने.

सोमवारी मी आदेश सांगितला: हे प्रकरण माझ्यासमोर ठेवू नये. मागच्या बाकावरून आरोपीची बायको पुढे आली.

"म्हंजे सुटले का वो?" तिने वकिलाला विचारलं.

"न्हाई बाई. आता दुसऱ्या साहेबांसमोर पुन्हा पहिल्यापासून."

ती तिथेच उभी राहिली. मी पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

एक प्रश्न विचारला असता, तर तो आरोपी आज घरी असता. बहिणीला हे मी सांगितलेलं नाही. काल तिचा लग्नासाठी फोन आला. कोण कोण येणार, मी विचारलं. चिडत चिडत तिने सांगितलं. त्यात तो फिर्यादीही होता.

"मग? येनार का न्हाई?"

"येतो," मी म्हणालो. आता माझी कसलीच अडचण उरली नव्हती.