लेझर चालू म्हटल्यावर आलेलं उत्तर

मी फिजिक्सवाली. घरात कुणी भुताखेतांचं काढलं की "मोजून दाखवा" म्हणून तोंड बंद करणारी. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... असो.

एस.वाय.ची परीक्षा झाल्यावर मे महिन्यात खोपोलीजवळच्या एका कॉलेजात समर प्रोजेक्ट करत होते. दहिवलीहून रोज दोन रिक्षा बदलून. काम असं — पाण्यात चांदीची पट्टी ठेवून तिच्यावर लेझर मारायचा. चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात आणि पाणी पिवळं होतं. माझं होत नव्हतं. नऊ दिवस ये रे माझ्या मागल्या! थरथर नको म्हणून पंखाही बंद. जीव विटून गेला होता.

लॅबचा नियम — बटण दाबणाऱ्याने "लेझर चालू!" ओरडायचं आणि आतल्या प्रत्येकाने "डोळे झाकले" म्हटल्याशिवाय दाबायचं नाही. उघड्या डोळ्यात किरण गेला की डोळा गेलाच. पण गॉगलमधून पट्टीवर पडणारा किरणाचा हिरवा ठिपका दिसत नाही... म्हणून नेम लावताना आम्ही सगळेच गॉगल कपाळावर सरकवतो. चूक आहे, माहीत आहे.

त्या दुपारी साडेतीनला मी एकटीच होते. गाईड मॅडम मीटिंगला, दाराला आतून कडी. गॉगल कपाळावर, मान पट्टीच्या उंचीला वाकवलेली, बोट बटणावर. सवयीने पुटपुटले, "लेझर चालू."

किरण अडवायला टेबलापलीकडे लावलेल्या काळ्या पडद्यामागून बाईचा आवाज आला, "थांब गं, माझे डोळे उघडे हायेत."

वैतागून बोट काढलं. वाटलं, लॅब झाडणाऱ्या सुमनमावशी असतील. पडदा सारला... कुणी नाही. कडी तशीच. ती काढून बाहेर आले, तर मावशी स्टुलावर बसलेल्या.

"मावशी, आत आला होतात?"

"मी कशाला येऊ? कडी तूच लावलीस नं? काय झालं गं, पांढरी पडलीस ती?"

परत जाऊन बघितलं. किरण पट्टीकडे वळवणाऱ्या आरशाचा स्क्रू सकाळी मीच ढिला केला होता, आवळायचा राहिला होता आणि आरसा कलला होता. गॉगल घातला, माझं डोकं होतं तिथे काळा कागद उभा केला आणि एकदाच बटण दाबलं. कागदावर डाग उठला, डोळ्याच्या बरोब्बर उंचीवर. मी खाली बसून रडले.

उन्हाळा, थकवा, भास — मॅडमनी सगळं सांगून पाहिलं. मीही स्वतःला तेच सांगते. पण एक गोष्ट सुटत नाही. "तुझे डोळे उघडे आहेत" असं ऐकू आलं असतं ना, तर "एकदाच तर मारायचाय" म्हणून मी बटण दाबलं असतं, इतकी दमले होते. दुसऱ्या कुणाचे डोळे, म्हणून थांबले. माझ्याबद्दल हे इतकं नेमकं कुणाला ठाऊक होतं, ते मला आजही माहीत नाही.