वंदनाताईचं अस्वल हिंगणीचं होतं

वंदनाताई शुक्रवारी गेली, आणि आज रविवारी मी दुकान उघडलं.

'आजचं गोष्टीचं सेशन कॅन्सल' एवढंच पालकांच्या ग्रुपवर टाकायचं होतं. टाइप करायचे, पुसायचे. पाठवलंच नाही.

घरात बसवेना म्हणून दुकानात आले. तिथेही बसवेना.

तिला न ओळखणाऱ्यांसाठी सांगते. वर्ध्यातल्या माझ्या लहानशा पुस्तकांच्या दुकानात ती दर रविवारी चित्रांची पुस्तकं उघडून पोरांना गोष्टी सांगायची. हिंगणीहून एसटीने यायची. तिच्या नवऱ्याचं, दिलीपभाऊंचं, तिथे कापडाचं दुकान आहे.

बर्फातल्या अस्वलाचं एक पुस्तक होतं. आमच्या पोरांनी बर्फ कुठे पाहिलाय?

"हे सारं पांढरं म्हंजे कापूस समजा," ती म्हणाली. "अन् हे अस्वल आमच्या हिंगणीच्या जंगलातलं. वाट चुकलं अन् वावरात घुसलं."

पोरं अस्वलाच्या पायाला चिकटलेला कापूस शोधायला लागली.

छोट्या स्वराच्या आईला मात्र ते पटलं नाही. मला म्हणाली, "भाषा जरा शुद्ध ठेवायला सांगा ना त्यांना. ही घरी येऊन 'का'च्या जागी 'काऊन' म्हणते."

ताईने ते ऐकलं होतं. पुढच्या रविवारी ती अगदी छापल्यासारखं बोलली. "अस्वलाला खूप भूक लागली होती."

पोरं चुळबुळायला लागली. स्वरा तिच्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, "ताई, तुले बरं नाई का?"

ताईने पुस्तक मिटलं. स्वराच्या आईकडे बघून शांतपणे म्हणाली, "शुद्ध बोलनं थे शाळेत शिकतीनच. मले गोष्ट अशीच सांगता येते, बाई. नाई आवडत असन त मी येत नाई."

तरी स्वराला आणायचं तिच्या आईने थांबवलं नाही.

परवा ताईच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

आज पोरं वेळेवर आली. मी आत-बाहेर करत होते, सरळ ठेवलेली पुस्तकं पुन्हा सरळ करत होते.

"ताई काऊन नाई आली?" स्वराने विचारलं.

मी पुन्हा पुस्तकांच्या फळीकडे वळले.

तिच्या आईला बातमी कळली होती. ती खाली सतरंजीवर बसली. स्वराला जवळ घेतलं.

"ताई वारली, बेटा. आता थे नाई येत."

त्या बाईच्या तोंडून अशी बोली मी पहिल्यांदा ऐकली. बहुतेक तिच्या माहेरची.

"उद्या पन नाई?"

"नाई."

गोष्ट झाली नाही. पोरं नुसती पुस्तकं उघडून बसली. काही रडली, काही खेळायला लागली. मी कुणाला थांबवलं नाही.

दुपारी दिलीपभाऊंचा फोन आला.

"मॅडम, पोट्टे आलते का?"

"आलते, भाऊ."

"सांगतलं त्यायले?"

"सांगितलं."

"बरं केलं." मग म्हणाले, "सकाळी मी बस स्टँडवर जाऊन आलो. तिची गाडी लागली होती. काऊन गेलतो, माह्यं मलेच समजून नाई राह्यलं."

"जेवलात का?" मी एवढंच विचारलं.

संध्याकाळ झाली. अजून दुकानातच आहे. शटर ओढायला उठते आणि परत बसते.

ताई, तुला आम्हा सगळ्यांचा शेवटचा नमस्कार.

सावकाश जाजो.