घोट्याला बांधलेली दोरी

वाळूजला आमच्या शेडमध्ये दुधाच्या टाक्या दुरुस्तीला येतात. स्टीलच्या, आडव्या, वर माणूस कसाबसा उतरेल एवढं तोंड. त्या तोंडातून माझं अंग आता आत जात नाही आणि गुडघेही वाकत नाहीत. म्हणून आत ती जाते आणि मी बाहेर बसतो. ती मुकुंदवाडीची, आयटीआय करून आलेली, माझ्या थोरल्या मुलीहून जराशी मोठी. सकाळी "जय भीम, काका" म्हणत हेल्मेट उचलते, आणि रोज मला वाटतं, आपण स्टुलावर बसून दुसऱ्याची लेक टाकीत सोडतो आहोत. हे तिला बोलून दाखवलं की ती हसते. "मग तुम्ही उतरा. वर काढायला क्रेन मी मागवते."

मी जुन्या रॉडच्या वेल्डिंगचा माणूस. त्याला आवाज असतो, तापल्या तेलात भजी सोडल्यासारखा. हात बरा चाललाय का, ते पाठ फिरवूनही कळतं. तिचं आरगॉनचं वेल्डिंग मुकं. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात बारीक तार. टॉर्चमधून आरगॉन वायू येत राहतो आणि वितळलेल्या धातूला हवा लागू देत नाही. हवा लागली की जोड काळवंडतो, त्याला बारीक भोकं पडतात. दुधाच्या टाकीत असा जोड कामाचा नाही. भोकात दूध अडकतं, नासतं. तिचा जोड मात्र साडीला फॉल लावणाऱ्या बाईच्या टाक्यासारखा, सगळा एका मापाचा. कितीही बघितला तरी माझं मन भरत नाही. एवढ्या वर्षांत माझ्या हातून तसा एकही जोड झाला नाही, आणि याचं मला वाईट वाटत नाही, हेही नवलच.

पण हाच आरगॉन टाकीत घातकी. हवेपेक्षा जड, तळाशी पाण्यासारखा साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस खोकत नाही, ओरडत नाही. बसल्या जागी झोपी जातो. म्हणून वरून ब्लोअरचा पाइप सोडून हवा खेळती ठेवावी लागते. दोन्ही हात कामात, तोंडावर हेल्मेट, हाक मारली तर ती दचकणार. म्हणून आम्ही एक रीत पाडली. तिच्या घोट्याला सुती दोरी, दुसरं टोक माझ्या मुठीत. काम करताना ती पाय हलवत राहते. दोरी हलते आहे तोवर ती शुद्धीत आहे.

"काका, बकरी धरल्यावानी काय आवळता? ढील द्या जरा."

"ढील दिली तर मला कळायचं कसं?"

"लई घाबरट बगा तुम्ही."

या उन्हाळ्यात पाचोडकडच्या एका डेअरीची टाकी आली. तळाचा जोड फुटला होता. टेम्पोवाला दारात उभा, आणि तिकडं डेअरीत दूध ठेवायला दुसरी टाकी नाही. सगळा जोड नीट झाला. राहिला तो शेवटचा वीतभर, नेमका ब्लोअरच्या झोतात. पाइप कसाही फिरवला तरी हवा तळावर आपटून तिथंच यायची आणि जोडावरचा आरगॉन उडवून लावायची. ती आतून ओरडली, "हवा बंद करा. एवढंच घेते."

मी ब्लोअर बंद केला. आत निळा उजेड पेटला. दोरी हलत होती. मग थांबली.

मी लगेच दोरी ओढली नाही. आता ओढली तर जोड जाईल, हा विचार आधी आला. तो किती वेळ टिकला, सांगता येत नाही. मग मी ब्लोअर पूर्ण जोरात चालू केला आणि दोरीला जोरात हिसका दिला.

"ओ काका!" ती आतून कडाडली. "मेले नाय मी! सगळा जोड जाळला ना तुम्ही!"

ती वर आली. शेडचे मालक धावत आले आणि टाकीत डोकावून, जोड बघून माझ्यावरच उखडले. "जरा धीर नाही का तुम्हाला? उद्यापासून दोरी दुसऱ्याकडं द्या."

ती हेल्मेट काढत म्हणाली, "दोरी माझ्या पायाची हाय, मालक. कुणाच्या हाती द्यायची ते मी बगते."

सगळे मला उतावळा म्हणत होते आणि मला कळत होतं की मला उशीर झाला होता. चहाच्या वेळी मी तिला तसं सांगून टाकलं. "दोरी थांबली तेव्हा मला तुझ्याआधी जोड आठवला."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मलाबी तोच आठवला. पायाच्या हलण्यानं हात डुगडुगत व्हता, म्हणून थांबवला म्या पाय. तुम्हाला न सांगता."

"मग आता असं करू. शेवटच्या वीतभर जोडाला पाय थांबव. मी ओढणार नाही."

"नाय. थांबला की ओढायचा. काय वाट्टेल ते होऊ द्या जोडाचं."

मग ती फरशीवर बसली. पुढ्यात भंगारातला पत्रा घेतला, टॉर्च पेटवली, आणि पाय हलता ठेवून हात स्थिर राखायचा सराव सुरू केला. आधी रेघ वाकडी गेली. ती स्वतःलाच शिव्या घालत होती. माझी भीती तशीच राहू दिली तिनं, आणि बदलायला आपला हात घेतला. टेम्पोवाला घड्याळ दाखवत होता. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. कमरेपासून वर दगड आणि खाली झुलता पाय, असं ते जमेपर्यंत ती उठली नाही.

मग परत आत उतरली. जळका भाग ग्राइंडरनं घासून काढला. टाकीत ताजी हवा भरून घेतली.

"हवा बंद!"

मी ब्लोअर बंद केला. उजेड पेटला. दोरी मुठीत हलू लागली. या खेपेला जोडाकडं मन जाऊ नये म्हणून मी डोळे मिटून घेतले. हालचाल बारीक झाली, इतकी बारीक की मुठीऐवजी बोटांच्या टोकांनी धरावी लागली. पण ती थांबली नाही. आतला जोड मिळत आला असेल, तसा तिचा पाय माझ्याशी बोलत राहिला, आणि मग आतून तिचा दमलेला, खडा आवाज आला.

"झाला. सोडा हवा."