सीडीवर लिहिलेले श्री

“पंडितमोशाय, हात लावू नका. आणि बंद तर मुळीच करू नका,” मिताली हाजरा दारातूनच म्हणाली.

माझा हात संगणकाच्या बटणापासून वीतभर अंतरावर होता. सकाळपासून त्या पेटीतून टक् टक् असा आवाज येत होता आणि पडदा मधूनमधून गोठत होता. एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा, हा सर्वसामान्य माणसाचा उपाय मी करणार होतो. मितालीने पेटीला कान लावला आणि वैद्याने नाडी पाहताना मिटावेत तसे डोळे मिटले.

“हार्ड डिस्क जाते आहे. फिरते आहे तोवर त्यातले वाचता येईल. एकदा थांबली, तर पुन्हा फिरेलच असे मी सांगणार नाही.”

हार्ड डिस्क म्हणजे संगणकाचे कोठार. आपण साठवतो ते सारे तिथे एका फिरत्या चकतीवर असते. आमच्या त्या कोठारात एकशे चौदा संस्कृत पोथ्यांची छायाचित्रे होती आणि ती जगात अन्यत्र कोठेही नव्हती.

मी मूळचा वाईचा. पाठशाळेत शिकलो आणि केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन कोलकात्यातील एका ग्रंथसंग्रहालयात हस्तलिखितांचा सूचीकार म्हणून आलो. सूचीकाराने पोथी वाचायची, तिचे नाव, कर्ता, लेखनिक, पत्रसंख्या यांची नोंद करायची. या एकशे चौदा पोथ्या बराकपूरच्या तारापद भट्टाचार्य यांच्या घराण्यातल्या. बहुतेक त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनी स्वहस्ते लिहिलेल्या. तारापदबाबूंनी त्या आम्हांला दिल्या नाहीत, केवळ छायाचित्रे घेऊ दिली. पुढे त्यांचे घर पाडून इमारत उभी राहू लागली, म्हणून पोथ्या ट्रंकांत भरून डमडमला एका नातलगाच्या तळमजल्यावर ठेवल्या. त्या पावसाळ्यात तिथे आठवडाभर पाणी साचले. ट्रंका उघडल्या तेव्हा आत चिखल होता.

तारापदबाबू त्या वेळी चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. एकही पान हरवू नका, एवढेच त्यांनी मागितले होते आणि मी त्यांना शब्द दिला होता की पाने गेली तरी अक्षर आमच्याकडे सुरक्षित आहे. शब्द देताना मी त्या पेटीकडे एकदाही नीट पाहिले नव्हते.

आम्ही दोघे सचिवांकडे, सेनगुप्तसाहेबांकडे गेलो.

“दुसरी हार्ड डिस्क घ्या,” मी म्हणालो.

“ते यंत्र झाले, पंडितजी. यंत्राला तीन कोटेशने लागतात आणि कमिटीची मंजुरी लागते. कमिटी बसेल पूजेनंतर.”

दुर्गापूजेच्या सुट्ट्यांना तीन दिवस उरले होते. सुट्टीत इमारतीचा वीजपुरवठा मुख्य खटक्यापासून बंद करण्याचा नियम होता.

मितालीने विचारले, “सर, कोऱ्या सीडी कशात मोडतात?”

साहेबांनी क्षणभर विचार केला. “सीडी... स्टेशनरी. कागद, टाचण्या, तसे.”

“मग पन्नास सीडींची स्लिप द्या.”

साहेबांनी हसतच सही केली. “हाजरा, तू अकाउंट्समध्ये असायला हवी होतीस.”

“तिथे गेले तर तुमचे प्रिंटर कोण झोडपणार, सर?”

मिताली रोज बजबजहून लोकलने येई. वय चौतीस-पस्तीस. आमच्या संगणक विभागात ती एकटीच होती आणि जेवढे काम करी त्याच्या निम्मेही बोलत नसे. इथे वडीलधारी माणसे वयाने लहान स्त्रीला ‘मा’ म्हणतात. ही रीत मला पहिल्या दिवसापासून आवडली होती आणि मीही तिला तसेच म्हणत असे. ती मला ‘पंडितमोशाय’, म्हणजे पंडित महाशय, म्हणे.

काम सुरू करण्यापूर्वी तिने मला समोर बसवून ते समजावून सांगितले. नेहमी आधी हार्ड डिस्कवरच एक मोठी प्रत बांधतात आणि मग ती सीडीवर उतरवतात. आमचे कोठार काठोकाठ भरलेले होते. प्रत बांधायला जागा नव्हती. म्हणून हार्ड डिस्कमधून वाचायचे आणि तत्क्षणी थेट सीडीवर लिहायचे. लिहिणाऱ्या यंत्रात किरण असतो. तो सीडीच्या थरावर खुणा जाळत जातो. एकदा जळलेली खूण खोडता येत नाही आणि मध्ये थांबताही येत नाही. मागून येणारा प्रवाह तुटला, तर ती सीडी वाया जाते.

“म्हणजे तैलधारेसारखे,” मी म्हणालो.

“कसली धारा?”

“ध्यान कसे असावे, तर एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलेल्या तेलाच्या धारेसारखे अखंड असावे, असे आमच्याकडे शिकवतात. पाण्याची धार तुटते, तेलाची तुटत नाही.”

“मग आपली डिस्क पाण्याची आहे, पंडितमोशाय,” ती म्हणाली, “आणि आपल्याला तेल व्हायचे आहे. सगळ्यात कमी वेगाने लिहू. एका सीडीला वीस मिनिटे लागतील, तपासणीला आणखी दहा.”

दुसरा निर्णयही तिचाच. संपूर्ण हार्ड डिस्कची एक साखळी करून ती तेवीस सीडींवर पसरवता आली असती. ते सोपे होते. तिने नकार दिला. साखळीतली एक कडी गेली की पुढच्या सर्व कड्या निरुपयोगी होतात. तिने प्रत्येक सीडीवर चार-पाच पूर्ण पोथ्या बसवल्या, कोणतीही पोथी दोन सीडींत तुटू दिली नाही. ही वाटणी करायला तिला दुपार लागली. माझ्यासारखा उतावळा मनुष्य त्या वेळात दोन सीडी लिहून मोकळा झाला असता. मी पाहत बसलो. पोथीची पत्रे जुळवणाऱ्या आमच्या गुरुजींच्या बोटांत जी शांती असे, ती मला तिच्या बोटांत दिसली.

मग तिला अन्य विभागांतून बोलावणी येऊ लागली. सीडी घालणे, यंत्राने ‘तपासणी पूर्ण’ असे सांगितल्यावर ती काढणे आणि तिच्यावर क्रमांक लिहिणे, एवढे काम माझ्याकडे आले.

ते मी माझ्या पद्धतीने केले. सकाळी स्नानसंध्या आटोपून येत असे. सीडी कडेने धरी, चमकणाऱ्या बाजूला बोट लागू देत नसे. वाचन त्या बाजूने होते, एवढे मला सांगितले होते. लिहून झालेली सीडी पालथी घालून तिच्या वरच्या बाजूस, काठाजवळ, प्रथम ‘श्री’ लिही आणि त्याखाली क्रमांक. आमच्या परंपरेत श्रीकार घातल्याशिवाय कोणताही ग्रंथ सिद्ध होत नाही. अक्षर ठसठशीत यावे म्हणून टेबलावरचा बॉलपेन मी चांगला दाबून चालवीत असे. वरची रेघ तर पट्टीने ओढल्यासारखी.

पहिल्या दिवशी चार सीडी झाल्या. दुसऱ्या दिवशी दहा. पेटीतली टकटक वाढत होती. दोन वेळा प्रवाह तुटला आणि दोन सीडी वाया गेल्या. मिताली येऊन वेग तपासून जाई आणि प्रत्येक वेळी पेटीवर हलकेच हात ठेवी. “आर एक्टू,” असे ती तिला म्हणे. आणखी थोडे.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकोणीस सीडी हातावेगळ्या झाल्या. तेव्हा ती आली आणि सर्व सीडी उचलून आपल्या टेबलाकडे निघाली.

“यंत्राने प्रत्येक तपासली आहे, मा.”

“त्याने स्वतःचेच लिहिलेले स्वतः तपासले. मी दुसऱ्या यंत्रावर वाचून बघते.”

पाठशाळेत म्हणणारा एक आणि ऐकणारा दुसरा असे. स्वतःची चूक स्वतःच्या कानाला ऐकू येत नाही, म्हणून. जे मला आठ वर्षे शिकवले गेले होते, ते या मुलीने यंत्राला लावले होते.

पाऊण तासाने तिने मला बोलावले. तिच्या समोर तीन सीडी वेगळ्या ठेवलेल्या होत्या.

“या तिन्हींत मिळून अकरा पाने वाचता येत नाहीत. लिहिली तेव्हा बरोबर होती. नंतर काहीतरी झाले आहे.” तिने त्यांतली एक उचलून ट्यूबलाइटसमोर धरली.

सीडीच्या काठाजवळ ‘श्री’ उजळला होता. त्या रेघांतून पलीकडचा प्रकाश आरपार येत होता.

मला काही कळेना. तिने शांतपणे सांगितले. सीडी चमकणाऱ्या बाजूने वाचली जाते खरी, पण मजकुराचा थर असतो वरच्या बाजूला, नावाच्या लगेच खाली. त्याच्यावर लाखेचा पातळ पापुद्रा, बस. जाड प्लास्टिक सगळे खालच्या अंगाला. मी ज्या बाजूला जिवापाड जपत होतो, ती मुळातच सुरक्षित होती.

“उभ्या रेघा यंत्र सांभाळून घेते,” ती म्हणाली. “आडवी रेघ मजकुराच्या ओळीबरोबर धावते. तिथला मोठा तुकडा सलग जातो.”

म्हणजे माझी शिरोरेघ. अकरा पाने मी स्वतःच्या हाताने, भक्तिभावाने खोडली होती.

“आधी ही अकरा लिही, मा,” मी म्हणालो. “हे पाप माझे आहे. आधी ते निस्तरू दे.”

तिने मान हलवली. “अजून चार सीडींचा मजकूर कुठेच नाही. एकोणीस पोथ्या. ज्यांचे काहीच नाही, त्यांचे आधी.”

“आणि तोवर डिस्क गेली तर?”

“तर अकरा पाने जातील. उलट केले आणि ती गेली, तर एकोणीस पोथ्या जातील.” मग जरा नरमून म्हणाली, “तुमचे पाप थोडे थांबेल, पंडितमोशाय. पोथ्या थांबणार नाहीत.”

मी सीडी घातली. त्या दोन तासांत मी जेवढे नामस्मरण केले तेवढे एकादशीलाही करत नाही. क्रमांक मात्र या वेळी तिने लिहिले, कापडी टोकाच्या मऊ मार्करने. चारही सीडी निर्विघ्न झाल्या आणि तिने त्या लगेच आपल्या यंत्रावर वाचून पाहिल्या.

मग ती अकरा पानांकडे वळली. प्रवाह तुटला तरी एकच पान जावे म्हणून एकेका पानासाठी स्वतंत्र सीडी. एक, दोन, पाच, आठ. नवव्या पानाला पेटी बराच वेळ टकटकत राहिली आणि पान आले. दहाव्याला एक लांब, घासल्यासारखा आवाज झाला आणि खोलीत शांतता पसरली.

मितालीने खुर्ची मागे सरकवली आणि पेटीला हात जोडले. मीही जोडले.

तारापदबाबू चार वाजता आले. सर्व पाने सीडीवर घेतली आहेत, ती दाखवतो, असे मीच त्यांना आदल्या दिवशी फोनवर कळवले होते. बराकपूरहून गाडीने सियालदह आणि तिथून टॅक्सी, असा प्रवास करून ते काठी टेकत जिना चढले होते. मी त्यांना पाणी दिले आणि ते पिऊन होण्यापूर्वीच सगळे सांगून टाकले. दोन पाने गेली, कायमची, आणि ती माझ्या पेनाने गेली.

त्यांनी पेला खाली ठेवला. “कोणती?”

“ज्योतिषाच्या पोथीतली. ग्रहांच्या सारण्या. एकेचाळीस आणि बेचाळीस.”

त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी घेतली. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटले, रडत आहेत. ते हसत होते.

“त्या सारणीत बाबांनी आकडे चुकवले होते हो! ठाकुरदांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, त्यांना त्यावरून पोथीच फेकून मारली होती. बाबा म्हातारपणीही म्हणायचे, ती दोन पाने कुणीतरी फाडून टाका.” मग डोळे पुसत म्हणाले, “शास्त्रीमोशाय, तुम्ही बाबांचे ऐकलेत. माझे नाही ऐकलेत, ते वेगळे.”

या शेवटच्या वाक्यात थट्टा किती आणि दुखणे किती, हे मी आजही सांगू शकत नाही.

मितालीने आपल्या पडद्यावर एक पोथी उघडली. काळेभोर, टपोरे बंगाली वळणाचे अक्षर. तारापदबाबू खुर्ची पुढे ओढून वाचू लागले, एक श्लोक, दुसरा, तिसरा.

“पान जरा तिरके घेतले आहे,” ते म्हणाले आणि वाचत राहिले.

साडेपाचला सेनगुप्तसाहेब नोंदवहीवर सही करायला आले. शेऱ्याच्या रकान्यात मितालीने ‘दोन पाने, मीडिया एरर’, म्हणजे सीडीचाच दोष, असे लिहिले होते. सगळीकडे तसेच लिहितात, ती म्हणाली. मी ते खोडून ‘क्रमांक घालणाऱ्याच्या चुकीमुळे’ असे लिहिले आणि खाली माझे नाव घातले. साहेबांनी वाचले, माझ्याकडे पाहिले आणि सही केली. पूजेनंतर कमिटी बसली. तिने नवी हार्ड डिस्क मंजूर केली आणि सीडींचा दुसरा संच करून तो वेगळ्या इमारतीत ठेवावा, हे मितालीचे टिपणही मंजूर केले.

पुढे नव्या कर्मचाऱ्यांना हे काम समजावून देण्याची पाळी अनेकदा माझ्यावर आली. मी त्यांना एवढेच सांगत असे: श्री लिहायचा असेल तर कागदी पाकिटावर लिहा, सीडी आत घालण्यापूर्वी. सीडीवर फक्त अंक, मऊ मार्करने. आणि तपासायला दुसऱ्याला द्या.