एक्केचाळिसावा खडा

या ग्रुपवरचे अनुभव मी गेलं वर्षभर वाचतोय आणि खरं सांगू, बहुतेक वेळा हसतोय. पांढऱ्या साडीतली बाई, उलटे पाय, मागे वळून बघितलं तर कोणीच नाही... मी चौतीस वर्षं बोर्डीच्या एका शाळेत गणित शिकवलं. शाळेमागच्या चिंचेवर हडळ आहे म्हणून मुलं तिकडे फिरकत नसत, तेव्हा मी आठवडाभर सातवीचा वर्ग त्याच चिंचेखाली भरवला होता. हडळीला त्रैराशिक आलं असेल, पण दिसली काही नाही. असा मी माणूस. आता नव्वदीला टेकलोय. नातसून टाईप करतेय, तिने दोनदा विचारलं, "आजोबा, हे नक्की टाकायचं ना?" म्हटलं, टाक.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आपला हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. अच्छाडला हायवेवर राज्याच्या सीमेचा नाका नवा नवा बसला होता, चार ट्रक, दोन चहाची खोपटी आणि एक मोठं वडाचं झाड, एवढंच काय ते. त्या थंडीत मुंबई ते अहमदाबाद अशी सायकलची रेस निघाली. एका दिवसाची नव्हे, चार दिवसांची, चार टप्प्यांची. पळणारे गडी हौशी नव्हते, सायकल कंपन्यांनी पगारावर ठेवलेले होते. दुसरा टप्पा मनोरहून वलसाडपर्यंत, आणि मध्ये अच्छाडला तपासणी. मधल्या वाटेने किंवा ट्रकला लटकून कोणी पुढे जाऊ नये म्हणून प्रत्येकाने तिथे उतरून वहीत सही करायची. सही नाही, तर गडी रेसमधून बाद.

सगळ्यांच्या मागून रेसचा एक ट्रक यायचा, पडलेल्यांना आणि थकलेल्यांना उचलायला. तो अच्छाडला थांबून वहीतल्या सह्या विचारायचा. आकडा जुळला तर पुढे जायचा, एक जरी कमी असला तर उलटा फिरून रस्ता शोधत मागे यायचा. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

ती वही माझ्याकडे होती. शिक्षक म्हणजे फुकटचा स्वयंसेवक, हे तेव्हाही होतंच! पण मी आनंदाने गेलो होतो, कारण तेवीस नंबरचा गडी आमचा दामू होता.

दामू नरपडचा, लखमीबायचा एकुलता एक. बाप मासेमारीला गेला तो परत आलाच नाही. दामूने चौथीत शाळा सोडली आणि आईची मासळी सायकलवर लादून डहाणूच्या बाजारात पोचवायला लागला. उन्हं चढायच्या आत मासळी पोचली पाहिजे, त्या घाईतून त्याच्या पायांत तो वेग आला असावा. एका कंपनीच्या माणसाने बघितलं आणि मुंबईला नेलं. पण आदल्या वर्षी कुठल्याशा तपासणीला घोळक्यात त्याची सही राहिली. हाताला लिहायची सवय नव्हती, सही करायला त्याला मिनिटभर लागायचं, तोवर बाकीचे निघाले म्हणून तोही तसाच निघाला. बाद झाला. कंपनीने सांगितलं, यंदाही बाद झालास तर घरी बस.

रेसच्या दोन महिने आधी तो गावी आला आणि माझ्याकडे आला. "मास्तर, मना सही शिकव. झटक्यात यायला पायजे." मी त्याला रोज संध्याकाळी पाटीवर गिरवायला लावलं. पूर्ण नाव लिहून झालं की तो शिरोरेषा ओढायचा, ती थांबायचीच नाही, थेट पाटीच्या कडेला जाऊन पोचायची. मी म्हणायचो, "अरे, ही सही आहे की हायवे?" तो हसायचा आणि पुन्हा तसंच करायचा. जाताना मी त्याला सांगितलं होतं, अच्छाडला मी आहे, यंदा तुझी सही चुकू देणार नाही. माझा शब्द.

हा शब्द मी दिला होता, हे इथे प्रामाणिकपणे सांगून ठेवतो.

त्या दिवशी सकाळी मी वडाखाली टेबल मांडलं. वही, दौत, टाक, शाळेचं घड्याळ, शेजारी पाण्याचा माठ आणि तांब्या. माझ्याबरोबर आमचे ड्रॉइंगचे मास्तर होते, पण ते जास्त वेळ चहाच्या खोपटातच होते. लखमीबाय पहिल्या बसने आलेली, फडक्यात तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी बांधून. आल्या आल्या तिने विचारलं, "किती पोरं हायत?"

"एक्केचाळीस."

ती रस्त्याच्या कडेला गेली आणि एक्केचाळीस खडे वेचून पदरात घेऊन बसली. नरपडच्या बायकांची ही जुनी रीत. होड्या सुटल्या की होडीमागे एक खडा वाळूत ठेवायचा, होडी डोळ्यांनी दिसली की तो उचलून टाकायचा. कोणी सांगितलं, "आली गं तुमची होडी," तर त्यावर खडा उचलायचा नाही. शेवटचा खडा असेपर्यंत किनारा सोडायचा नाही. मला त्याची गंमत वाटली. गणिताच्या मास्तरासमोर बाई खडे मांडून बसली होती!

दहाच्या सुमाराला पहिला घोळका आला. पंचवीस-तीस गडी एकदम, घाम, धूळ, आरडाओरडा, फ्रीव्हीलची टिकटिक. टाक हिसकावून सह्या झाल्या आणि पाच मिनिटांत सगळे गेले. मग दोन-दोन, एक-एक असे येत राहिले. ड्रॉइंगचे मास्तर "एक कप मारून येतो" म्हणून उठले.

आणि दामू आला.

मी वर बघितलं होतं का? बघितलं होतं. हे मला त्यानंतर शंभर जणांनी विचारलंय. समोर सायकल धरून उभा होता, छातीवर तेवीस नंबर, हनुवटीवर लहानपणी गळ लागल्याची खूण. दमलेला, पण शांत. पाणी आणि सही, दोन्ही त्याने एका दमात मागितलं. मी तांब्या भरून दिला. नेहमीसारखा वरून धरून त्याने तो पूर्ण रिकामा केला. टाक घेतला, नाव लिहिलं, शिरोरेषा ओढली, ती पानाच्या कडेपर्यंत गेली. मी म्हटलं, "शाब्बास! हायवे पोचला!" तो हसला. मी घड्याळात बघून वेळ लिहिली. मान वर केली तर समोरून ट्रकांची रांग चालली होती आणि दामू निघून गेलेला होता.

एक गोष्ट मात्र तेव्हा लक्षात आली नाही. येताना त्याच्या सायकलची टिकटिक मी ऐकली नव्हती.

त्यानंतर आणखी दोघे आले. मग बाराच्या सुमाराला मागचा ट्रक आला. त्यावर बसलेले रेसचे अमृतभाई वरूनच गुजरातीत ओरडले, "बधा आवी गया ने, मास्तर?"

सगळे आले ना, असं विचारत होते. मी सह्या मोजल्या. "एक्केचाळीस. जुळले."

तेवढ्यात लखमीबाय टेबलाशी आली. "मास्तर, गाडी सोडू नको. माजा दामू अजून नाय आला."

"आला की आई! आत्ताच गेला. पाणी पिऊन गेला."

"मी बगितला नाय."

"ट्रक आडवे आले असतील. ही बघा त्याची सही." मी बोट ठेवलं.

तिने पानाकडे बघितलंसुद्धा नाही. मूठ उघडली. आत एक खडा होता. "तू सह्या मोजल्यास, मी पोरं मोजली. एक ऱ्हायला हाय."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "आई, मोजताना चुकला असाल."

जिने सगळा जन्म मासळीचे वाटे मोजण्यात घालवला, कधी एका बोंबलाची चूक केली नाही, त्या बाईला मी हे सांगितलं. अमृतभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. शिकलेल्या माणसाने मान हलवल्यावर न शिकलेल्या बाईचं कोण ऐकतो? ट्रक वलसाडच्या दिशेने निघून गेला.

ती त्या झाडाखालून हलायला तयार नव्हती. चार वाजेपर्यंत बसली, आणि मी तिच्यासाठी बसलो, जरा चिडूनच. शेवटी मी म्हटलं, वलसाडहून तार येईल, घरी जाऊन वाट बघू. बसमध्ये ती माझ्या शेजारी होती. मूठ तशीच मिटलेली.

तलासरीला दवाखान्यासमोर गर्दी होती. एका बैलगाडीत सायकल पडलेली, पुढचं चाक पापडासारखं दुमडलेलं, आणि सायकलच्या नंबरपाटीवर तेवीस. बस थांबायच्या आत लखमीबायने उडी मारली.

तलासरीच्या अलीकडे, म्हणजे चारोटीच्या बाजूला, एक उतार आहे आणि खाली ओहोळावर मोरी, म्हणजे छोटासा पूल. तिथे तो रस्ता सोडून खाली कोसळला होता. मांडी मोडलेली, पोटात मार. वर झुडपं होती, त्यामुळे रस्त्यावरून कोणाला दिसला नाही. मागचा ट्रकसुद्धा वरून निघून गेला. दुपार कलल्यावर लाकूडफाट्याला गेलेल्या वारली बायकांना तो सापडला आणि त्यांनी झोळी करून आणला. आम्ही आत गेलो तेव्हा शेवटचा श्वास चालू होता. आईने हाक मारली, त्याने डोळे उघडले की नाही ते मला सांगता येणार नाही.

डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "तीन-चार तास आधी आणला असता तर मी काहीतरी केलं असतं."

तीन-चार तास आधी तो ट्रक माझ्यासमोर उभा होता. एक्केचाळीसच्या जागी मी चाळीस म्हटलं असतं तर तो मागे फिरला असता... हे आकडे मी त्या दिवसापासून रोज मांडतोय.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, दामू अच्छाडला आलाच नव्हता. बरोबर. मोरी अच्छाडच्या कितीतरी मैल अलीकडे आहे, आणि मोडक्या मांडीने माणूस तिथवर जाऊन परत येत नाही. दुसऱ्या कोणी त्याच्या नावाने सही केली? चेहरा मी ओळखतो, अक्षर तर मीच शिकवलं होतं. रेसच्या लोकांनी चौकशीला वही पुढे केली तेव्हा सही तिथे होती, शिरोरेषा कडेपर्यंत. गावात लोक उघड बोलले की पोराला बाद होऊ द्यायचं नव्हतं, म्हणून मास्तरनेच सही ठोकली. मी कोणाशी भांडलो नाही. शब्द तर दिलाच होता मी. कधी कधी वाटतं, खरंच मीच केली असेल तर बरं होईल. निदान काय झालं ते तरी कळेल.

पण सोमीचं काय करू? दामूला पहिल्यांदा बघणारी ती वारली बाई. दवाखान्याच्या ओट्यावर बसली होती. मी विचारलं, काही बोलला का गं तो? म्हणाली, "मी पानी पाजाया गेलू. त नको बोलला. मास्तरनी दिला, असा बोलला."

तिने मला आधी कधी बघितलं नव्हतं, मी मास्तर आहे हेही तिला ठाऊक नव्हतं.

तेराव्यानंतर मी नरपडला गेलो. लखमीबाय बोंबील वाळत घालत होती. मी पाय धरायला वाकलो तर तिने बाजूला केले. मग मी सगळं सांगितलं, सोमीचं बोलणंही. खूप वेळ ती हातातले बोंबील काठीवर एकात एक अडकवत राहिली.

मग तिने विचारलं, "पानी गार होता?"

"माठातलं होतं."

"पोटभर प्याला?"

"तांब्या रिकामा केला."

तिने डोळे पुसले. आत गेली, तो खडा घेऊन आली आणि माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "मोजाया तू चुकलास मास्तर. हा मना उचलता येत नाय, तू ठेव." शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी कधी वर्गात आवाजावर हजेरी मांडली नाही. प्रत्येक बाकापाशी जाऊन मुलाच्या खांद्याला हात लावायचो, मग वहीत खूण करायचो. मुलं मागून टिंगल करायची, करू दे. खडा टेबलाच्या खणात आहे. आत्ता हे सांगतानाही समोर काढून ठेवलाय.

याचा उलगडा मला आजवर झालेला नाही, आणि आता होईल असं वाटत नाही. एवढंच छळतं की तो आला कशासाठी? सहीसाठी आला असेल, तर त्या सहीनेच त्याला मारलं आणि टाक मी पुढे केला होता. पाण्यासाठी आला असेल, तर निदान तेवढं तरी माझ्या हातून झालं. टेबलापाशी उभं राहून त्याने दोन्ही मागितलं होतं. पण आधी काय मागितलं, पाणी की सही... ते काही केल्या मला आठवत नाही.