तिचं ‘झालं’

यवतमाळच्या दातांच्या दवाखान्यात एक्स-रे काढणारी ती बाई प्रत्येक फोटोनंतर “झालं, काका” म्हणायची. त्या शब्दावर माझा जीव भांड्यात पडायचा.

इम्प्लांटच्या, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी हाडात स्क्रू बसवायच्या दिवशी खालच्या जबड्यात भोक पाडून झालं. त्यात खोली मोजायची पिन ठेवून तिनं फोटो काढला, पण ‘झालं’ म्हणाली नाही. भोकाखालून जाणाऱ्या नसेला धक्का लागला तर ओठ कायमचा बधिर होतो, हे मला आधीच सांगितलं होतं.

“चालेल,” डॉक्टर म्हणाले.

“सर, फोटो तिरपा आला. नस दिसून नाही राह्यली. पुन्हा काढते.”

दुसरा फोटो पाहून डॉक्टरांनी हातातला स्क्रू ठेवला आणि आखूड मागितला.

“झालं, काका.” खुर्चीला घट्ट धरलेल्या माझ्या हातावर तिनं हात ठेवला. तो माझ्याहून गार होता.